घरी थांबलेल्या आईच्या घराला टॅक्समध्ये सूट हवी का? हवी, पण ती कोणाच्या खात्यात?

पत्र

ताई, नमस्कार. मी 36 वर्षांची, पुण्यात वाकडला राहते. 2011 ते 2020 आयटीत नोकरी केली, धाकट्याच्या वेळेला सोडली. मोठी आता नऊ वर्षांची, धाकटा पाच. ह्यांचा पगार वर्षाला 25 लाख. नणंद आणि तिचे मिस्टर दोघंही नोकरीवाले, साडेबारा-साडेबारा लाख, म्हणजे घरात येणारा पैसा आमच्याइतकाच. पण आमचा टॅक्स तीन लाखांच्या वर कापला जातो आणि त्यांचा चक्क शून्य! गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा मी म्हटलं की घरी राहून मुलं सांभाळतात त्यांच्या कुटुंबाला सरकारने टॅक्समध्ये सूट द्यावी, नाहीतर सरळ मानधन तरी द्यावं, तर नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, घरी बसायचं तू ठरवलंस, त्याचे पैसे आम्ही टॅक्स भरणाऱ्यांनी का द्यायचे?" तेव्हापासून बोलणं बंद. ती पाळणाघराला महिना 14 हजार देते ते परवडतं, आणि आम्ही मागितलं की पोटात दुखतं. आमच्या कामाच्या मावशींना लाडकी बहीणचे 1500 येतात, मला भोपळा. हे म्हणतात, तुझं बरोबर आहे पण तुला काय करायचंय, टॅक्स मी भरतो. इथे गॅसवाल्याला पैसे द्यायचे तरी ह्यांच्या ओटीपीची वाट बघावी लागते आणि वर हे ऐकायचं. माझं काय चुकलं?

ता. क. घरून करायचं टेस्टिंगचं पार्ट टाइम काम आलंय, महिना 40 हजार. हे म्हणतात तू कमवायला लागलीस की टॅक्स अजून वाढेल, हातात काही राहणार नाही. करू का?

– एक वहिनी

उत्तर

अगं वहिनी, आधी आकडे बघू, कारण आकड्यांत तुझं सोळा आणे बरोबर आहे आणि त्या दिवशी मोदकांच्या नादात कोणी कॅल्क्युलेटर काढलेला दिसत नाही.

2025-26 पासून टॅक्सच्या नव्या पद्धतीचे, म्हणजे न्यू रिजीमचे, जे स्लॅब आलेत त्यात करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर रिबेट मिळून टॅक्स शून्य होतो, आणि पगारदाराला वर 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन आहे, म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत काहीच भरायचं नाही. नणंदेकडे दोघंही त्या रेषेच्या आत बसतात, दोघांचा मिळून शून्य. तुझ्या नवऱ्याच्या 25 लाखांतून 75 हजार वजा केले की उरले 24 लाख 25 हजार, त्यावर स्लॅबप्रमाणे 3 लाख 7 हजार 500, वर 4 टक्के सेस, झाले 3 लाख 19 हजार 800. पैसा तेवढाच, फक्त त्यांच्याकडे दोन पॅन कार्डांवर येतो आणि तुमच्याकडे एकावर. आपल्याकडे इन्कम टॅक्स माणसाला लागतो, घराला लागत नाही, त्या एका कमाईवर किती तोंडं आहेत हे टॅक्स खातं विचारतच नाही. हा प्रश्न तुला एकटीलाच पडलाय असंही नाही, सीएंची जी संस्था आहे, आयसीएआय, तिने 2025च्या बजेटच्या आधी सरकारला सुचवलं होतं की नवरा-बायकोला हवं तर एकत्र रिटर्न भरू द्या. बजेटमध्ये ते काही आलं नाही.

आणि हो, "आम्ही टॅक्स भरणारे" असं म्हणणारी नणंद इन्कम टॅक्स शून्य भरते, हे माझ्याही लक्षात आलंय. हात शिवशिवत असेल तुझा फॅमिली ग्रुपवर टाकायला. नको टाकूस. का ते पुढे सांगते.

आता तुला जरा टोचेल असं. ते 3 लाख 20 हजार म्हणजे निव्वळ अन्याय आहे असं म्हणायला मी तयार नाही. नणंदेच्या घरात 25 लाख येतात ते दोन माणसं दहा-दहा तास बाहेर राहून येतात, आणि मग ती पाळणाघराला वर्षाला 1 लाख 68 हजार देते, पोळ्यांना बाई असणार, इस्त्री बाहेर, संध्याकाळी उशीर झाला की जेवण मागवणं, आणि ह्यातल्या एकाही पैशाची वजावट तिला टॅक्समध्ये मिळत नाही. तुझ्या घरी हीच कामं तू करतेस, त्यांचं बिल येत नाही आणि त्यावर टॅक्सही लागत नाही. म्हणजे तुमच्या घराची खरी मिळकत 25 लाखांपेक्षा जास्त आहे, फक्त तो वरचा भाग तुझ्या हातातून येतो म्हणून कागदावर दिसत नाही. हे मी तुझं काम कमी लेखायला सांगत नाहीये बरं का, उलट आहे, तुझ्या कामाला किंमत आहे असं एकदा म्हटलं की मग दोन्ही घरांचं उत्पन्न सारखं असं आपल्याला म्हणता येत नाही. दोन्हीकडून नाही बोलता येणार.

बरं, समज सरकारने ऐकलं आणि उद्यापासून जॉइंट रिटर्न सुरू झालं. पैसे कोणाला मिळाले? तुझ्या नवऱ्याला. त्याच्या फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या टॅक्सच्या दाखल्यात, टीडीएस (पगारातून आधीच कापलेला टॅक्स) कमी दिसेल, त्याच्या सॅलरी अकाउंटला दरमहा थोडे जास्त जमा होतील, आणि तू तिथेच उभी, ओटीपीची वाट बघत. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य टॅक्सचं नव्हतंच, हे ओटीपीचं होतं, आणि तू ते असं जाता जाता लिहून गेलीस.

जर्मनीत हे 1958 पासून चालू आहे. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करायचं, दोन भाग करायचे, एका भागावर टॅक्स काढायचा आणि दुप्पट करायचा, ह्याला स्प्लिटिंग म्हणतात. म्युनिक-फ्रँकफर्टला गेलेल्या आपल्या आयटीवाल्यांना विचार, बायको घरी असली की टॅक्स क्लास तीन घेतात आणि हातात पगार बरा येतो म्हणून खूश असतात. पण दोघांचा पगार सारखा असेल तर फायदा शून्य, एकाचा भरपूर आणि दुसऱ्याचा काहीच नाही तर फायदा सगळ्यात जास्त, म्हणजे बँकेच्या मोठ्या साहेबाची मूल नसलेली बायको घरी असली तरी सूट मिळते, आणि एकटीने दोन पोरं वाढवणाऱ्या नर्सला मिळत नाही कारण एकत्र करायला दुसरा माणूसच नाही. शिवाय बायको परत कामाला लागली की ती बहुतेक वेळा क्लास पाचमध्ये जाते, तिच्या पगारातून दर महिन्याला इतकं कापलं जातं की घरात चर्चा सुरू होते, "एवढ्यासाठी कशाला जायचं?" वर्षाच्या शेवटी दोघांचा हिशोब एकत्र होतो ते खरं, पण महिन्याच्या स्लिपवर जो आकडा दिसतो त्यानेच माणूस ठरवतो. स्वीडनने 1971 साली नवरा-बायकोचा टॅक्स वेगळा केला तो ह्याच कारणासाठी, की बायकोच्या पहिल्या रुपयावर (म्हणजे क्रोनावर) नवऱ्याचा वरचा दर लागू नये. ब्रिटनमध्ये 2015 पासून मॅरेज अलाउन्स आहे, कमी कमावणाऱ्या जोडीदाराने आपल्या करमुक्त रकमेतले 1260 पाउंड दुसऱ्याला द्यायचे, वर्षाला 252 पाउंड वाचतात, आणि दुसरा वरच्या दरात असेल तर तेही नाही. ठीक आहे, ते काही आयुष्य बदलणारं प्रकरण नाही.

पण कशाला जर्मनी, आपल्या शेजारी गोव्यात बघ. मला हे नेहमी आश्चर्य वाटतं की पुण्या-मुंबईतली मंडळी दर सुट्टीला गोव्याला जातात आणि ही गोष्ट कोणाला माहीत नसते. तिथे पोर्तुगीजांच्या वेळचा 1867चा सिव्हिल कोड अजून कौटुंबिक बाबतीत लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक होते, अर्धी-अर्धी. दुकान नवऱ्याने चालवलं आणि बायको घरी राहिली तरी. आणि म्हणून आपल्या इन्कम टॅक्स कायद्यातही त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंदा, व्याज वगैरे, नवरा-बायकोत समान वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं दाखवतात. म्हणजे तुला जे हवंय ते भारतातच, आपल्या सीमेला लागून, चालू आहे. (पगाराला नाही, त्यामुळे तुझा नवरा पणजीला राहायला गेला तरी त्याचे 3 लाख 20 हजार वाचणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तो घर शोधायला लागेल.)

पण त्याचा क्रम बघ ना. तिथे आधी मालकी अर्धी झाली, मग टॅक्स अर्धा झाला. उत्पन्न दोघांचं आहे म्हणून टॅक्स दोघांत वाटला. आपण महाराष्ट्रात मागतोय ते बरोबर उलटं आहे, टॅक्स भरताना आम्ही दोघं एक, आणि खातं, फ्लॅट, एफडी, डिमॅट सगळं एकाचं. माझं ह्या सगळ्या वादात म्हणणं असेल तर एवढंच आहे की टॅक्स भरणाऱ्यांकडे जोडी म्हणून सवलत मागायची असेल तर घरातही जोडी म्हणून हिशोब हवा. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट झाला तर बायकोला पोटगी मिळते, तिचं स्त्रीधन तिचं, पण लग्नात उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा अर्धा वाटा आपोआप मिळत नाही. तसा वाटा देणारं एक विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत पास झालं होतं, लोकसभेत ते बारगळलं. मद्रास हायकोर्टाने 2023 साली एका केसमध्ये सांगितलं की नवरा सौदीत कमवत होता तेव्हा बायकोने घर सांभाळलं, त्यामुळे घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. चांगला निकाल आहे, पण तो एका बाईला कोर्टात वर्षानुवर्षं भांडून मिळाला, आणि महाराष्ट्रातल्या कोर्टावर तो बंधनकारक नाही. आणि सुप्रीम कोर्ट? 2001 मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या केसमध्ये त्यांनी गृहिणीच्या कामाची किंमत महिना 3000 धरली, नंतरच्या निकालांत ती वाढत गेली, पण हे सगळे नुकसानभरपाईचे दावे, म्हणजे बाई अपघातात गेल्यावर तिच्या कामाचा हिशोब होतो. जिवंत असताना तिला कोणी पावती देत नाही.

आता मावशी. इथे मात्र मी तुझ्या बाजूने नाही. लाडकी बहीण 2024च्या जुलैपासून आहे, 21 ते 65 वयाच्या बायकांना 1500, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कोणी इन्कम टॅक्स भरणारं नको. तुझ्या घरातून 3 लाख 20 हजार टॅक्स जातो, तुला ते कसे मिळतील, आणि का मिळावेत? तू म्हणशील मी पण घरी राबते. राबतेसच. पण मावशी घरी थांबलेली आई नाहीये गं, तिला थांबायला मिळालंच नाही. ती तुझी भांडी घासते तेव्हा तिच्या पोराला कोण बघतं, विचारलंयस कधी? बहुतेक घरांत मोठी मुलगी बघते, नाहीतर शेजारीण. अंगणवाडी काही तासांत सुटते, आणि धुणंभांडीवालीचा दिवस काही तासांत संपत नाही. 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये, त्यात पाळणाघर येत नाही, दूध येतं. आणि "आमच्या टॅक्सवर" म्हणशील तर मावशी पण साबण, चहापत्ती, मोबाईल रिचार्ज सगळ्यावर जीएसटी भरते, फक्त तिला त्याचा फॉर्म 16 मिळत नाही. निवडणुकीच्या तोंडावर आलेली योजना, तिजोरीवर पडलेला भार, केवायसीचा घोळ, ह्यावर काय बोलायचं ते बोल, मीही बोलेन. पण तुझ्यात आणि मावशीत सरकारचा पैसा आधी कोणाकडे जावा ह्यावर माझा संभ्रम अजिबात नाही.

गोव्यात, बघ पुन्हा गोवाच, 2012 पासून गृह आधार नावाची योजना आहे, ती खास गृहिणींसाठी, महागाईला हातभार म्हणून महिना 1500. तिथेही उत्पन्नाची मर्यादा आहे, वर्षाला तीन लाख. पण पैसे बाईच्या खात्यात जातात, नवऱ्याच्या टॅक्समधून वजा होत नाहीत. मला ही पद्धत त्या जॉइंट रिटर्नपेक्षा शंभर पटीने पटते.

मग टॅक्स भरणाऱ्यांनी काही द्यावंच नाही का तुझ्यासारख्यांना? द्यावं. मूल ही काही फक्त आई-बापाची हौस नाही, तीच मुलं पुढे टॅक्स भरणार, तीच आपल्या म्हातारपणी दवाखाने चालवणार, नणंदेच्याही. पण द्यायचं ते मुलाच्या नावाने द्या, पहिली तीन वर्षं म्हणा, आणि आई घरी थांबते का कामाला जाते हे विचारू नका. घरी थांबली तर ते पैसे तिच्या खात्यात, कामाला गेली तर पाळणाघराला. फिनलंडमध्ये 1985 पासून साधारण असंच आहे, तीन वर्षांखालच्या मुलाला सरकारी पाळणाघरात जागा घ्या नाहीतर घरी सांभाळण्याचा भत्ता घ्या. त्यातही एक मेख आहे, ती लपवत नाही, नॉर्वेने 1998 मध्ये असाच भत्ता आणला तेव्हा आयांचं नोकरी करणं कमी झालं, आणि भत्ता घेऊन घरी राहिले ते बहुतेक ठिकाणी बाप नव्हते. म्हणून पाळणाघर आधी आणि भत्ता नंतर असं माझं मत. चांगलं पाळणाघर कोपऱ्यावर असेल तरच "मी घरी थांबायचं ठरवलं" ह्या वाक्याला अर्थ आहे, नाहीतर ते ठरवणं कसलं.

आणि आपल्याकडे एक गंमत आहे. नणंदेने बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा घेतली असेल, 2017च्या दुरुस्तीनंतरची, तर तो पगार पूर्ण तिच्या कंपनीने दिला. त्यात टॅक्सचा एक पैसा नाही. ऐकायला छान वाटतं पण त्यामुळेच होतं काय की छोट्या कंपनीचा मालक लग्न झालेली मुलगी इंटरव्ह्यूला आली की मनातल्या मनात 26 आठवड्यांचा गुणाकार करतो. हा खर्च सगळ्यांनी मिळून, टॅक्समधून किंवा विम्यातून उचलला असता तर किती मुलींची नोकरी टिकली असती. टॅक्सच्या पैशाची खरी गरज आहे ती इथे, आणि हे नणंदेलाही पटेल बघ.

जर्मनीचं एक मात्र मला उचलून आणावंसं वाटतं, आणि ते स्प्लिटिंग नाही. 1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, जो पालक सांभाळतो त्याच्या पेन्शन खात्यात तीन वर्षं धरली जातात, जणू त्याने सरासरी पगारावर नोकरीच केली असं समजून, आणि ते पैसे सरकार भरतं. तिच्या नावावर. नवरा सोडून गेला, मेला, उडाणटप्पू निघाला, तरी ती तीन वर्षं तिचीच. हे मागायला तू मोर्चा काढ, मी येते.

आता तुझ्या घरातलं, जे सरकारची वाट न बघता करता येईल. तुझी नऊ वर्षांची नोकरी आहे, 2011 पासूनची, पीएफसोबत पेन्शन स्कीमचे पैसे कापले गेले असणार. त्या स्कीमला पेन्शन मिळायला 10 वर्षं लागतात. सोडताना सगळं काढून घेतलं असशील तर गेलं, पण पेन्शनचा भाग काढला नसेल तर काढू नकोस, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांचा दाखला, घे, पुढे पीएफवाली नोकरी लागली की वर्षं जोडली जातात, तुला फार थोडं हवंय. मग तुझं स्वतःचं बचत खातं, तुझ्या मोबाईल नंबरवर, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवऱ्याच्या खात्यातून तिथे ठरलेली रक्कम आपोआप ट्रान्सफर. घरखर्चाची वेगळी आणि तुझी वेगळी. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवर टॅक्स नाही, फक्त त्याची तू एफडी केलीस तर व्याज त्याच्या उत्पन्नात धरतात, म्हणून तुझ्या नावाचं पीपीएफ काढ, वर्षाला दीड लाखापर्यंत, तिथलं व्याज करमुक्त असल्याने हा प्रश्नच येत नाही. टर्म इन्शुरन्स नवऱ्याचा असेलच, नवीन घेणार असेल तर 1874च्या मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्यायला सांग, फॉर्म भरतानाच तो पर्याय निवडावा लागतो, म्हणजे उद्या काही झालं आणि कर्जं असली तरी कर्ज देणारे त्या पैशाला हात लावू शकत नाहीत, ते तुझे आणि मुलांचे. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते तू लिहिलं नाहीस, मला अंदाज आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं, पूर्ण किंवा हिस्सा, तर स्टॅम्प ड्युटी 200 रुपये आहे, स्थानिक सरचार्ज असेल तर तो वेगळा, आणि लोन चालू असेल तर बँकेची परवानगी लागेल.

हे बोलताना भांडायचं नाही. "टॅक्स मी भरतो" असं तो म्हणाला ना, मग त्याला गणपतीतला तुझाच मुद्दा परत सांग, की आपण दोघं मिळून 25 लाख कमावतो असं तू सरकारला सांगायला तयार आहेस, तर मग बँकेला पण सांगूया. बघ काय म्हणतो. गडबडला तर गडबडू दे जरा.

नणंदेशी बोलणं तूच सुरू कर, मोठी आहेस म्हणून नाही, तुझ्याकडे मुद्दा चांगला आहे म्हणून. शून्य टॅक्सवरून तिला चिडवू नकोस असं मी म्हटलं कारण ती पण तुझ्याइतकीच दमलेली आहे. सरकारच्या 2024च्या वेळवापर सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो आणि करणाऱ्या पुरुषांचा 88, आणि त्या 88वाल्यांतलाच एक तिच्या घरी आहे, एक तुझ्या. ती ऑफिसमधून येऊन जे करते त्याचे पैसे तिला नाहीत, तू दिवसभर करतेस त्याचे तुला नाहीत, आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या झिंज्या धरताय आणि सोफ्यावर बसलेले दोघं "विषय सोडा" म्हणतायत. तिला फोन करून पाळणाघराच्या फीला टॅक्समध्ये वजावट मिळायला पाहिजे असं म्हण, एवढं एकच वाक्य, पुढचं ती बोलेल.

आणि ता. क.चं. तुझा नवरा साफ चुकतोय, त्याच्याच कायद्यात चुकतोय. ज्या नियमामुळे आज त्याला 3 लाख 20 हजार भरावे लागतात, म्हणजे टॅक्स घराला नाही, माणसाला, त्याच नियमामुळे तुझ्या कमाईचा त्याच्या टॅक्सला धक्का लागत नाही. महिना 40 हजार म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार, तुझ्या पॅनवर, तुझा टॅक्स शून्य. त्याचा जेवढा आहे तेवढाच. जॉइंट रिटर्न असतं ना, तर तुझे 40 हजार त्याच्या 25 लाखांच्या डोक्यावर जाऊन बसले असते आणि तेव्हा तो बरोबर ठरला असता. ते लोक फ्रीलान्स म्हणून घेत असतील तर 10 टक्के टीडीएस कापतील, घाबरू नकोस, रिटर्न भर, सगळा परत येतो. धाकटा पाचचा आहे, शाळेत जातो, सकाळचे चार तास तुझे आहेत. काम घे. फक्त 40ला लगेच हो म्हणू नकोस, नऊ वर्षांचा अनुभव आहे, 50 माग, 45वर ये.